सात की एकशे सव्वीस?

समजा, तुमच्या शेजारचे एक आजोबा लंडनला मुलीकडे गेले आहेत. आजोबांना मधुमेहाची शंका आहे. निघण्यापूर्वी त्यांनी साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त तपासून घेतले होते. अहवालात रक्तशर्करेपुढे आकडा होता १२६. लंडनला गेल्यावर महिन्याभराने तेथील डॉक्टरांनी दंडातून रक्त घेऊन पुन्हा तीच तपासणी केली. या वेळी आकडा आला ७.

आजोबा खूश झाले. १२६ वरून एकदम ७! "इथली हवा मानवली मला," असे म्हणून त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. मुलीचा मात्र चेहरा उतरला. साखर इतकी घसरली तर माणूस बेशुद्ध पडतो, हे तिने ऐकले होते. ती घाईघाईने डॉक्टरांना फोन करायला धावली.

मित्रांनो, दोघांचेही चुकले होते. आजोबांच्या रक्तातली साखर तसूभरही बदललेली नव्हती. १२६ आणि ७ हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते.

हे कसे, ते आपण गणित करूनच पाहू. भारतात रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये मोजतात. १२६ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तद्रवात १२६ मिलिग्रॅम ग्लुकोज. ब्रिटनमध्ये ती मिलिमोलमध्ये मोजतात. एक मोल म्हणजे पदार्थाच्या रेणुभाराइतके ग्रॅम, हे तुम्ही रसायनशास्त्राच्या तासाला शिकला असाल. ग्लुकोजच्या एका रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. तेव्हा त्याचा रेणुभार ७२ + १२ + ९६ = १८०. आता १०० मिलिलिटरमध्ये १२६ मिलिग्रॅम, तर एका लिटरमध्ये १२६० मिलिग्रॅम. त्याला १८० ने भागा. उत्तर आले ७ मिलिमोल!

म्हणजे आपल्या आकड्याला १८ ने भागले की ब्रिटनचा आकडा मिळतो. आणि उपाशीपोटी १२६, अर्थात ७, ही तर मधुमेहाची सीमारेषाच होय. आजोबांनी श्रीखंडाची वाटी परत ठेवायला हवी होती.

आजोबांच्या मुलीला डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावून सांगितले व प्रश्न मिटला. पण समजा, हे दोन अहवाल माणसाने वाचलेच नाहीत. एका प्रयोगशाळेच्या संगणकाने ते दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाकडे पाठवले आणि त्या संगणकाने आजोबांच्या नावापुढे एकाखाली एक लिहून ठेवले: १२६, ७. मग काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अनेक देशांतील वैद्यक, रसायनशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ कित्येक वर्षे गुंतलेले आहेत. त्यांच्या खटाटोपाची ही गोष्ट आहे.

मण म्हणजे नक्की किती?

आकड्यांचा असा घोटाळा आपल्याला नवा नाही. तुमच्या पणजोबांच्या काळी धान्य शेर, पायली आणि मणाने मोजत. पण मण म्हणजे किती? मुंबईच्या बाजारातला मण सुमारे २८ पौंडांचा होता. मद्रासेचा मण २५ पौंडांचा होता. बंगालातला मण मात्र ८२ पौंडांहून अधिक भरे. "दहा मण माल पाठवा" असे पत्र मुंबईहून कलकत्त्याला गेले, तर व्यापाऱ्याने काय समजायचे? शब्द तोच, पण वजन जवळजवळ तिप्पट.

स्वतंत्र भारताने हा गुंता सोडवला. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने बाजारात येऊ लागली. आज चंद्रपूरचा किलो आणि चेन्नईचा किलो यांत फरक नाही. यालाच प्रमाणीकरण म्हणतात.

व्यापारात चूक झाली तर पैसे बुडतात. औषधोपचारात चूक झाली तर जीव जातो. मग वैद्यकीय प्रयोगशाळांतले 'मण' आणि 'शेर' कधी एक झाले?

हिमोग्लोबिनचे टक्के

रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. ते कमी झाले की माणूस फिकट दिसतो, जिना चढताना धापा टाकतो. याला पंडुरोग म्हणतात.

हिमोग्लोबिन मोजण्याची साहलीची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षे गावोगावच्या दवाखान्यांत चालत असे. हर्मान साहली हे स्वित्झर्लंडचे डॉक्टर. त्यांच्या पद्धतीत खुणा कोरलेल्या एका बारीक काचनळीत थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे. त्यात बोटातून काढलेले रक्त घालायचे, तेही अवघे २० घनमिलिमीटर. आम्लामुळे रक्ताचा रंग तपकिरी होतो. मग थेंबथेंब ऊर्ध्वपातित पाणी घालून ढवळत राहायचे. नळीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या तपकिरी काचेशी रंग जुळला की थांबायचे आणि नळीवरची खूण वाचायची.

ही खूण पूर्वी टक्क्यांत असे. डॉक्टर सांगत, "हिमोग्लोबिन ७० टक्के आहे." पण टक्के कशाचे? १०० टक्के म्हणजे किती? येथेच घोटाळा होता. साहलीच्या जुन्या नळीवर १०० टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १७.३ ग्रॅम हिमोग्लोबिन. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या हाल्डेन यांच्या मापात १०० टक्के म्हणजे १४.८ ग्रॅम. याखेरीज आणखीही मापे होती.

आता ७० टक्क्यांचा हिशेब करा. साहलीच्या नळीप्रमाणे ते १२.१ ग्रॅम होतात. हाल्डेनच्या मापाप्रमाणे होतात १०.४ ग्रॅम. प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की तिला पंडुरोग आहे असे मानतात. म्हणजे एकाच '७० टक्क्यां'नी एक स्त्री निरोगी ठरते, तर दुसरी आजारी! शिवाय रंग जुळला की नाही हे ठरवणार डोळा. सकाळच्या उजेडात एक उत्तर, संध्याकाळच्या दिव्याखाली दुसरे.

यावर उपाय निघाला. आंतरराष्ट्रीय समितीने १९६७ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. तिच्यात रक्त एका विशिष्ट द्रावणात मिसळून हिमोग्लोबिनचे रूपांतर सायनमेथिमोग्लोबिन या टिकाऊ रंगद्रव्यात करतात आणि त्यातून ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश किती अडतो, हे उपकरणाने मोजतात. या पद्धतीचा मोठा गुण असा की, या रंगद्रव्याचे प्रमाण-द्रावण बाटलीत भरून दूरदेशी पाठवता येते आणि ते पुष्कळ काळ टिकते. तोलून पाहायला सर्वांपाशी एकच 'किलो' आला. टक्के गेले, ग्रॅम आले.

एक बाटली, अनेक उत्तरे

मोजण्याचे एकक एक झाले, तरी मोजणारे हात एकसारखे असतात का? अमेरिकेत सुंडरमन आणि बेल्क या दोन वैद्यकांना ही शंका आली. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पन्नासाहून अधिक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना त्यांनी अगदी सारखे नमुने पाठवले आणि ग्लुकोज, हिमोग्लोबिन, कॅल्शियम इत्यादींचे प्रमाण कळवा, अशी विनंती केली. १९४७ साली त्यांनी निष्कर्ष छापले. उत्तरे इतकी विखुरलेली होती की, वाचणाऱ्यांना धक्काच बसला. नमुना एकच, पण काही प्रयोगशाळांची उत्तरे खऱ्या आकड्यापासून फारच दूर होती.

या दोघांनी कुणाची नालस्ती केली नाही. एक चांगली प्रथा मात्र सुरू झाली. तटस्थ केंद्राने सर्वांना सारखा नमुना पाठवायचा, सर्वांनी तो मोजायचा आणि आपले उत्तर इतरांच्या तुलनेत कुठे आहे, हे प्रत्येकाला कळवायचे. परीक्षेत तुमचा पेपर दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींनी तपासावा, तसेच हे. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अशी योजना चालवली असून, देशातल्या असंख्य प्रयोगशाळा तिच्यात भाग घेतात.

सशाचा मेंदू आणि माणसाचा मेंदू

आता एक अशी गोष्ट पाहू, जिच्यात प्रमाण नसल्यामुळे माणसांच्या अंगातून रक्त वाहिले.

आपल्याला जखम झाली की थोड्या वेळात रक्त गोठते. हे आपल्या रक्षणासाठीच आहे. पण कधी कधी शिरेच्या आतच रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात किंवा मेंदूत अडकली तर प्राणावर बेतते. अशा रुग्णांना, तसेच हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना, डॉक्टर वॉर्फरिन नावाचे औषध देतात. त्याने रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो. पण हे औषध दुधारी आहे. कमी पडले तर गुठळी होते. जास्त झाले तर रक्तस्राव होतो. म्हणून वरचेवर रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते.

ही तपासणी अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५ साली शोधली. रुग्णाच्या रक्तातून पेशी काढून टाकून रक्तद्रव घ्यायचा. त्यात कॅल्शियम आणि थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य घालायचे. मग घड्याळ लावून किती सेकंदांत गुठळी होते, ते पाहायचे. निरोगी माणसात साधारण १२ सेकंद लागतात. औषध घेणाऱ्याला २४ सेकंद लागले तर गुणोत्तर झाले २.

आता प्रश्न असा की, हे थ्रॉम्बोप्लास्टिन आणायचे कोठून? ते मेंदूच्या ऊतीत भरपूर असते. ब्रिटनमध्ये मँचेस्टर येथे ते मानवी मेंदूपासून तयार करत. अमेरिकेतले कारखाने ते सशाच्या मेंदूपासून बनवत. दोन्हींनी गुठळी होई, पण दोन्ही सारखी संवेदनशील नव्हती. मँचेस्टरच्या द्रव्याला औषधाचा थोडा परिणामही चटकन समजे. सशाच्या द्रव्यावर तोच आकडा येण्यासाठी रुग्णाला अधिक औषध द्यावे लागे. डॉक्टरांना वाटे, गुणोत्तर २ म्हणजे २. ते बिचारे पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी मात्रा वाढवत राहत.

१९८२ साली कॅनडातील डॉक्टरांनी याचा पडताळा पाहिला. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या ९६ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटातील ४७ जणांची मात्रा मँचेस्टरच्या द्रव्याने तपासून ठरवली. दुसऱ्या गटातील ४९ जणांची मात्रा अमेरिकेतील प्रचलित सशाच्या द्रव्याने ठरवली. पहिल्या गटात २ जणांना रक्तस्राव झाला. दुसऱ्या गटात ११ जणांना! आणि पुन्हा गुठळी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे दुसऱ्या गटाला जास्तीच्या औषधाचा काडीचाही फायदा झाला नव्हता. झाले ते नुकसानच.

पुढच्याच वर्षी, १९८३ साली, जागतिक आरोग्य संघटनेने एक तोडगा स्वीकारला. मानवी मेंदूपासून केलेले एक द्रव्य जगाचा मानदंड ठरले. कारखान्यांत तयार होणाऱ्या प्रत्येक थ्रॉम्बोप्लास्टिनची या मानदंडाशी तुलना करून त्याला एक निर्देशांक द्यायचा. मानदंडाइतक्या संवेदनशील द्रव्याचा निर्देशांक १, मंद द्रव्याचा २ किंवा त्याहूनही जास्त. प्रयोगशाळेने गुणोत्तर काढायचे आणि निर्देशांक हा त्याचा घातांक करायचा. जे उत्तर येईल त्याला 'आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर' म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ते 'आयएनआर' म्हणून येते.

गुणोत्तर २ आणि निर्देशांक १ असेल तर उत्तर २ चा पहिला घात, म्हणजे २. गुणोत्तर २ च, पण निर्देशांक २ असेल तर उत्तर २ चा वर्ग, म्हणजे ४. बहुतेक रुग्णांना २ ते ३ या मर्यादेत ठेवायचे असते. तेव्हा पहिला रुग्ण सुखरूप आहे, दुसरा धोक्यात आहे. पूर्वी या दोघांच्याही कागदावर '२' एवढेच लिहिले गेले असते! घातांकाचे गणित कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मित्राला हे उदाहरण अवश्य सांगा.

एक साखर, पाच नावे

एकक ठरले, पद्धत ठरली, मानदंड ठरला. तरीही एक अडचण शिल्लक राहिली आणि ती संगणकांनी उघडी पाडली. ती म्हणजे नावांची.

तुमच्या घरातले जुने अहवाल काढून पहा. एका प्रयोगशाळेने लिहिले असेल 'ब्लड शुगर फास्टिंग'. दुसरीने 'बीएसएल-एफ'. तिसरीने 'एफबीएस'. चौथीने 'ग्लुकोज, फास्टिंग, प्लाझ्मा'. पाचवीने नुसते 'शुगर'. एककही तसेच. कुणी 'मिलिग्रॅम टक्के' लिहिते, कुणी 'मिलिग्रॅम दर १०० मिलिलिटर', कुणी 'मिलिग्रॅम दर डेसिलिटर'. डॉक्टरांना हे सारे एकच आहे हे ठाऊक असते. संगणकाला मात्र ही वेगवेगळी अक्षरे दिसतात. त्याच्या दृष्टीने 'बीएसएल-एफ' आणि 'एफबीएस' यांत तितकेच साम्य आहे, जितके आंबा आणि आगगाडीत.

अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात रीगनस्ट्रीफ संस्था आहे. तेथील डॉ. क्लेमेंट मॅकडोनल्ड यांनी १९७२ पासून रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यास सुरुवात केली होती. एकाच माणसाच्या तपासण्या वेगवेगळ्या रुग्णालयांत होतात; त्या सर्व एकत्र दिसल्या तर उपचार नीट होईल, अशी त्यांची धारणा होती. संगणकांनी एकमेकांना निरोप कसा पाठवायचा, याचे नियम १९८७ पासून तयार होऊ लागले होते. म्हणजे पाकीट कसे असावे, पत्ता कोठे लिहावा, हे ठरत होते. पण पाकिटातल्या पत्राची भाषा प्रत्येकाची वेगळी! प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या सोयीने सांकेतिक क्रमांक दिलेले होते. एकीचा '१०३' म्हणजे साखर, तर दुसरीचा '१०३' म्हणजे युरिया.

म्हणून १९९४ साली मॅकडोनल्ड यांच्या पुढाकाराने जाणकारांची एक समिती जमली. जगातल्या प्रत्येक तपासणीला एकच नाव आणि एकच क्रमांक द्यायचा, असे तिने ठरवले. १९९५ साली पहिली यादी प्रसिद्ध झाली. तिचे लांबलचक नाव आहे 'तार्किक निरीक्षणांची ओळख, नावे आणि संकेतांक'. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'लॉइंक' म्हणतात. ही यादी कुणालाही फुकट वापरता येते. आज तिच्यात एक लाखाहून अधिक नोंदी आहेत.

एक लाख कशासाठी? तपासण्या इतक्या असतात का? यामागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. समितीने प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारले. काय मोजले? त्याचा कोणता गुण मोजला: वस्तुमान, रेणूंची संख्या की आणखी काही? एका क्षणी घेतलेला नमुना की २४ तास साठवलेला? नमुना कशाचा: रक्ताचा, मूत्राचा की थुंकीचा? उत्तर कसे मिळते: आकड्यात की 'आहे-नाही' असे? आणि सहावा, आवश्यक असेल तेथेच, कोणत्या पद्धतीने? सहांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बदलले की क्रमांक बदलतो.

ग्लुकोजचेच पहा. रक्तद्रवातील ग्लुकोज वस्तुमानात मोजले तर क्रमांक २३४५-७. तेच मोलमध्ये मोजले तर १४७४९-६. रक्तद्रव वेगळा न काढता सबंध रक्तात वस्तुमानाने मोजले तर २३३९-०. मूत्रात पट्टी बुडवून नुसते 'आहे की नाही' पाहिले तर २५४२८-४. साखर एकच, पण या चार गोष्टी एकीऐवजी दुसरी म्हणून वापरता येणार नाहीत.

आता आपल्या आजोबांकडे वळू. साताऱ्याच्या अहवालावर क्रमांक २३४५-७ असता आणि लंडनच्या अहवालावर १४७४९-६, तर संगणकाने १२६ आणि ७ यांना एकाच रांगेत बसवले नसते. क्रमांक वेगळे पाहून तो थांबला असता, एकाला १८ ने भागले असते आणि डॉक्टरांना सांगितले असते: बदल नाही.

शेवटच्या अंकाची करामत

लॉइंकच्या प्रत्येक क्रमांकात शेवटी आडवी रेघ आणि एक अंक असतो, हे तुमच्या ध्यानात आले असेल. हा अंक म्हणजे क्रमांकाचा पहारेकरी. तो कसा काम करतो, ते कागद-पेन्सिल घेऊन पहा.

२३४५-७ घ्या. रेघेआधीचे अंक उजवीकडून वाचा: ५, ४, ३, २. त्यांतला पहिला, तिसरा असे एकाआड एक अंक दुप्पट करा. ५ चे १० झाले. उत्तर दोन अंकी आले की त्यातले अंक मिळवा: १ + ० = १. पुढचा ४ तसाच. ३ चे ६. मग २ तसाच. आता बेरीज करा: १ + ४ + ६ + २ = १३. त्यापुढची दहाची पट २०. वजाबाकी २० - १३ = ७. तोच शेवटचा अंक!

आता समजा, टंकलेखन करताना कुणी घाईत २३४५ ऐवजी २३५४ लिहिले. उजवीकडून ४ चे ८, मग ५, ३ चे ६, मग २. बेरीज २१. पुढची दहाची पट ३०, वजाबाकी ९. पण लिहिलेला अंक तर ७ आहे. संगणक लगेच ओरडतो, "चूक!" एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बहुतेक वेळा हा पहारेकरी चोर पकडतो. चुकीच्या आकड्यावरून चुकीचे औषध जाण्यापूर्वीच तो दार अडवतो.

आपल्या देशात

भारत सरकारने रुग्णांच्या संगणकीय नोंदींसाठीची मानके प्रथम २०१३ साली जाहीर केली आणि २०१६ साली त्यांत सुधारणा केली. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी त्यांत लॉइंकची शिफारस आहे. ही मानके वापरणाऱ्यांना साहाय्य करणारे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या संस्थेत आहे. परम महासंगणक बनवणारी ती हीच संस्था. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर आयुष्मान भारत डिजिटल अभियान सुरू झाले. त्यात माणसाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. त्याची संमती असेल तरच त्याच्या नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे जाव्यात, अशी योजना आहे. नोंदी सामायिक करणे म्हणजे त्या चव्हाट्यावर मांडणे नव्हे, हे येथे नीट ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा सामायिक नोंदींचे मोल २०२० साली कोरोनाच्या साथीत सगळ्यांना कळले. रोज किती जण बाधित झाले, हे ठरवण्यासाठी देशातल्या प्रयोगशाळांना आपले निकाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे कळवावे लागत होते. घशातल्या नमुन्याची आरएनए तपासणी आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सांगते की, विषाणूचा अंश आत्ता आहे. दुसरी सांगते की, तो पूर्वी येऊन गेला असावा. दोन्हींच्या नोंदी नुसत्या 'कोरोना पॉझिटिव्ह' म्हणून मिसळल्या असत्या, तर साथ वाढते आहे की ओसरते आहे, हे कुणालाच समजले नसते. लॉइंकने त्या वर्षाच्या प्रारंभीच्या महिन्यांतच या तपासण्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. श्वसनमार्गाच्या नमुन्यातील विषाणूच्या आरएनएचा क्रमांक ९४५००-६. पहारेकरी अंक बरोबर आहे का, ते तुम्हीच पडताळा.

अर्थात सगळे प्रश्न सुटले असे नाही. आजही पुष्कळ ठिकाणी अहवाल मोबाइलवर चित्र म्हणून येतो. माणसाला तो वाचता येतो, पण त्यातले आकडे दुसऱ्या संगणकाच्या रांगेत आपोआप बसत नाहीत. प्रत्येक प्रयोगशाळेच्या जुन्या नावांना योग्य क्रमांक जोडण्याचे काम माणसांनाच करावे लागते. ते किचकट आहे आणि तेथे चूक झाली तर ती हजारो अहवालांत पसरते. शिवाय नाव एक झाले म्हणून मोजमाप एक होत नाही. कर्करोगाचा मागोवा घेण्यासाठी मोजली जाणारी काही प्रथिने दोन कंपन्यांच्या उपकरणांवर वेगवेगळे आकडे दाखवतात. म्हणून डॉक्टर सांगतात, पुन्हा तपासणी करायची तर त्याच प्रयोगशाळेत करा. तेथे अजून १९८३ सालासारखा एखादा मानदंड ठरायचा आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तो ठरवील काय?

करून पहा

घरातल्या मोठ्यांची परवानगी घेऊन दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल समोर ठेवा. एकाच तपासणीची दोन्हींतली नावे वहीत लिहा. मग नमुना कशाचा, एकक कोणते आणि शेजारी छापलेली सर्वसाधारण मर्यादा कोणती, ते लिहा. कुठे कुठे फरक आहे? औषधाचा निर्णय मात्र तुम्ही घेऊ नका. ते डॉक्टरांचे काम आहे.

आणि एक गणित. आजोबांच्या साताऱ्याच्या अहवालात मूत्रपिंडाच्या तपासणीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, आकडा होता १०० मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. लंडनच्या अहवालात आला एका लिटरमध्ये ८८.४ मायक्रोमोल. क्रिएटिनिनचा रेणुभार ११३.१ आहे आणि एका मोलचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल. आजोबांचे मूत्रपिंड बिघडले का?

हे गणित सोडवलेत की आजोबांना पत्र लिहून उत्तर कळवा. पत्रात आकड्यापुढे एकक लिहायला मात्र विसरू नका!